खोटी चोरी, खरा पंचनामा

मी आयुष्यात पहिल्यांदा पंच झालो तेव्हा माझ्या एका हातात पोह्यांची प्लेट होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळची वेळ, इंदुरातली राजवाड्यामागची गल्ली. एक प्रधान आरक्षक, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, आले आणि म्हणाले, "भिया, दो मिनट, बस एक साइन करना है।" कागद असा दुमडलेला होता की फक्त तळाची मोकळी जागा दिसावी. मी सही केली, पत्ता लिहिला, पोह्यांवर थोडं जास्त जीरावन मागितलं आणि विसरून गेलो.

साडेतीन वर्षांनी समन्स आलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर कळलं की माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाकडून चाकू जप्त झाला होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "मूठ लाकडी होती की प्लास्टिकची?" मी चाकू पाहिलाच नव्हता, आणि तसं सांगितलं. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली. पुढे आरोपी सुटला. त्यानं काही केलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि त्या कागदामुळे कोर्टालाही ते कळायची सोय उरली नव्हती.

या प्रसंगानं पेटून मी कायद्याकडे वळलो असं सांगायला छान वाटेल. खरं म्हणजे बँकेची परीक्षा दोनदा हुकली म्हणून वळलो. आता बरीच वर्षं जिल्हा कोर्टात फौजदारी वकिली करतो आणि आठवड्यातून दोन दुपारी एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घेतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक गाठतात. रामबागेतल्या एका काकूंनी परवा सरळच विचारलं, "हे क्रिमिनल जस्टिस का काय ते करून मुलगी पोलिसात लागेल ना? बंदूक वगैरे शिकवता का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. मग शिकवता तरी काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि तो जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखा नव्हता.

आधी नावांचा गुंता सोडवू. माणूस गुन्हा का करतो, कोणत्या परिस्थितीत करतो, याचा अभ्यास म्हणजे क्रिमिनॉलॉजी, गुन्हेशास्त्र. रक्त, ठसे, विष, हस्ताक्षर, मोबाइल यांची प्रयोगशाळेत तपासणी म्हणजे फॉरेन्सिक सायन्स. आणि क्रिमिनल जस्टिस म्हणजे एखादी तक्रार ठाण्याच्या दारातून आत आल्यापासून तिचं शेवटी जे काही होतं तिथपर्यंतचा सगळा रस्ता: पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग. या चौघांची खाती वेगळी, साहेब वेगळे, भाषाही थोड्या वेगळ्या. पण हातातला कागद एकच असतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. विद्यापीठात हे विषय शिकवणं आपल्याकडे नवं नाही. सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक सायन्सचा विभाग १९५९ मध्ये सुरू झाला, देशातला पहिला. म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात. इंदूरच्या लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयानं बघतात.

'कॉलेजात पोलिसी प्रशिक्षण' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते अमेरिकेचं असतं, आणि तिथे ते खरंही आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावाचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि १९१६ मध्ये तिथल्या विद्यापीठात एका कायद्याच्या प्राध्यापकाबरोबर अभ्यासक्रम सुरू केला. पोलिसानं शिकलेलं असावं हा विचारच तेव्हा अनेकांना विनोदी वाटत असे. आज कॅलिफोर्नियात कितीतरी कम्युनिटी कॉलेजांच्या आवारातच पोलीस अकादमी असते. राज्यानं ठरवलेला मूळ अभ्यासक्रम किमान ६६४ तासांचा आहे. त्यात गाडी चालवणं, गोळीबार, अटक, अहवाल लिहिणं सगळं येतं. नोकरी लागायच्या आधी स्वतःच्या खर्चानं तो पूर्ण करून मग वेगवेगळ्या पोलीस खात्यांकडे अर्ज करता येतो.

आपल्याकडे गाडी उलट्या बाजूनं चालते. पोलीस हा राज्याचा विषय. आधी भरती, मग प्रशिक्षण. आरक्षक, म्हणजे शिपाई, आणि उपनिरीक्षक कर्मचारी निवड मंडळाच्या परीक्षेतून, डीएसपी एमपीपीएससीतून, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगातून, आयपीएस यूपीएससीतून. निवड झाल्यावर कोणी सागरच्या अकादमीत जातं, कोणी हैदराबादला, कोणी आपल्या इथल्या पोलीस ट्रेनिंग कॉलेजात. बंदूक, कवायत, जमाव पांगवणं हे सगळं तिथे, वर्दी मिळाल्यावर. त्यामुळे भंवरकुआंच्या, म्हणजे इंदुरातल्या क्लासेसच्या भागातल्या, एखाद्या फलकावर 'डिप्लोमा करा, थेट पोलीस व्हा' असं दिसलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जावं. कॉलेजची पदवी वर्दी देत नाही.

आता आमच्या खोलीत या.

ग्रंथालयाच्या शेजारी एक जुनी अडगळीची खोली आहे. तिथे आम्ही चोरी मांडतो. कपाटाचं दार उचकटलेलं, फरशीवर फुटलेला काचेचा ग्लास, बिटाच्या रसात बुडवून वाळवलेला टॉवेल, खाटेवर एक मोबाइल, खिडकीखाली ओल्या मातीत बुटाचा ठसा. सहा-सहा जणांचा गट आत सोडायचा आणि दारात उभं राहून गप्प बघायचं. दरवर्षी तेच घडतं. पहिल्या मिनिटात कोणीतरी पंखा लावतं, कारण उकडतं. दुसऱ्या मिनिटात कोणीतरी लिहायला खाटेवर बसतं. गेल्या वर्षी एका मुलीनं किती वाजले बघायला पुराव्यातलाच मोबाइल उचलला. पंख्यानं कपाटावरचा केसांचा पुंजका उडाला होता. तो आम्ही मुद्दाम ठेवला होता.

फ्रान्समधल्या लियों शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा काढणारे एडमंड लोकार यांचं तत्त्व इथे पुस्तकाशिवाय समजतं: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोघी एकमेकींवर काहीतरी ठेवून जातात. चोर ठेवून जातो, आणि चोर शोधायला आलेलाही ठेवून जातो. म्हणून पहिला नियम म्हणजे आत जायची वाट एकच, आणि कोण कधी आत गेलं याची नोंद दाराशी.

मग फोटो. आधी लांबून पूर्ण खोली, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. जवळच्या फोटोत वस्तूशेजारी पट्टी हवीच. नुसता बुटाचा ठसा सात नंबरचा आहे की दहा नंबरचा, हे फोटोवरून सांगता येत नाही. मग नकाशा. मुलं हमखास लिहितात, 'ग्लास खाटेपासून चार फुटांवर'. पण खाट हलते. मापं घ्यायची ती न हलणाऱ्या दोन बिंदूंपासून, दाराच्या चौकटीचा कोपरा आणि खिडकीचा कोपरा असे. दोन्हीकडून अंतर लिहिलं की पाच वर्षांनी रिकाम्या खोलीतही ग्लासची जागा नेमकी दाखवता येते.

सगळ्यात जास्त चुका पाकिटं भरताना होतात. बिटाच्या रसाचा टॉवेल मुलं झटकन प्लास्टिकच्या पिशवीत टाकतात, स्वयंपाकघराची सवय. रक्ताचा कपडा प्लास्टिकमध्ये घुसमटतो, ओल धरतो, बुरशी येते आणि प्रयोगशाळेला हवं ते नासून जातं. तो सावलीत वाळवायचा आणि कागदाच्या पाकिटात घालायचा. मग लाखेचं सील, सीलचा नमुना कागदावर, पंचांच्या सह्या.

ठशांच्या दिवशी वर्ग खूश असतो. काळी पावडर, मऊ ब्रश, पारदर्शक टेप. काचेवर पावडर चालते. कागदावर ती कुचकामी, तिथे निनहायड्रिन नावाचं रसायन लागतं आणि घामातल्या अमिनो आम्लांमुळे ठसा जांभळा उमटतो. त्या दिवशी मी एक जुनी हकीकत सांगतो. जगातला पहिला बोटांच्या ठशांचा ब्यूरो लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात निघाला, १८९७ मध्ये. ठशांचं वर्गीकरण करायची पद्धत बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावावर असली तरी त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी तिच्यासाठी डोकी झिजवली. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यातल्या खुनाच्या खटल्यात एका बंगाली पंचांगावर सापडलेला ठसा पुढे आला. न्यायालयानं आरोपीला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. ठसा एवढंच सांगत होता की या माणसाचं बोट इथे लागलं. त्यापुढे एक पाऊलही न जाण्यात त्या न्यायालयाचा शहाणपणा होता, आणि मुलांना हा भाग पावडरीपेक्षा अवघड जातो. त्यांच्या अहवालात 'आरोपीनं ग्लास रागानं फोडला' असं वाक्य असतं. राग कुठे सापडला, असं मी विचारतो.

नंतर सीलबंद पाकीट आठवडाभर वर्गात फिरवतो. ज्याच्या हातात जाईल त्यानं तारीख, वेळ, सही करायची आणि पुढच्याला द्यायचं. शुक्रवारी नोंदी मांडतो. एकदा मंगळवारची रात्र गायब होती. शेवटी एकानं कबूल केलं की पाकीट त्याच्या स्कूटरच्या डिकीत राहिलं होतं, रेनकोटाखाली. पाकिटाला कोणी हात लावला नसेलही. पण त्या एका रात्रीबद्दल कोर्टात काय सांगणार? खऱ्या प्रकरणात घटनास्थळ, मालखाना (ठाण्यातली जप्त वस्तूंची कोठी), प्रयोगशाळा, परत मालखाना, कोर्ट अशी साखळी असते आणि वकील म्हणून मी आधी तिच्यातलीच तुटकी कडी शोधतो. शिकवताना मी ज्या चुका टाळायला सांगतो त्याच चुकांवर माझं घर चालतं. मुलांना हे ठाऊक आहे आणि ती ते बोलूनही दाखवतात.

इंदुरात शिकणाऱ्या मराठी मुलांना आणखी एक कसरत असते ती शब्दांची. घरी आणि मराठी वर्तमानपत्रात 'फिर्यादी', 'मुद्देमाल', 'ओळख परेड', 'दोषारोपपत्र'. इथल्या ठाण्यात मात्र 'फरियादी', 'जप्त माल', 'शिनाख्त परेड', 'चालान'. ठाण्याची दैनंदिनी म्हणजे 'रोजनामचा'. कोणाचा अनैसर्गिक मृत्यू झाला की 'मर्ग कायम' होतो, म्हणजे त्या मृत्यूची नोंद होते. ठाण्याबाहेर, जागेवरच घेतलेली तक्रार 'देहाती नालिसी'. ठाणेदार म्हणजे टीआय, आणि टीआय म्हणजे टाउन इन्स्पेक्टर हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मी वर्गात पहिल्या आठवड्यात या शब्दांची वहीच करून घेतो. पुण्याहून आलेल्या एका मुलीनं 'मर्ग'चा अर्थ शवागार असा लावला होता, आणि इंग्रजी शब्द डोक्यात असल्यावर तिची चूक म्हणवत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले आणि या सगळ्या हातकामाचं वजन वाढलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत. कलम १७६(३) म्हणतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं. राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. एवढी माणसं आणायची कुठून? गांधीनगरचं फॉरेन्सिक सायन्स विद्यापीठ २०२० मध्ये राष्ट्रीय झालं, भोपाळलाही त्याचं केंद्र आहे, पण गरज मोठी आहे. काकूंच्या मुलीसारख्यांना संधी आहे ती इथे. कायद्याची पदवी जोडली तर एमपीपीएससीतून सरकारी वकिली, म्हणजे एडीपीओची जागाही आहे. तिच्याबद्दल पालकांना फारसं माहीत नसतं.

फोनवर काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून कसा टिकतो, हे समजावायला मी मुलांना एक खेळ देतो. टॉवेलच्या फोटोची फाइल घ्यायची आणि संगणकाला तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणितानं निघणारी तिची खूण, काढायला सांगायचं. एसएचए-२५६ पद्धतीनं आकड्या-अक्षरांची ६४ चिन्हांची एक ओळ येते. ती वहीत उतरवायची. मग तोच फोटो उघडायचा, कोपऱ्यातला एक ठिपका पांढरा करायचा, पुन्हा हॅश काढायचं. सगळी ओळ वेगळी! डोळ्यांना दोन्ही फोटो सारखेच दिसतात. म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश मूल्याचा रकाना आहे. असं प्रमाणपत्र जोडणं आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब बद्दल, ठामपणे सांगितलं होतं. ते प्रकरण जालन्याच्या एका निवडणुकीचं होतं.

अटकेचं नाट्य हा मुलांचा आवडता तास. दोघं पोलीस, एक आरोपी, एक आरोपीची आई. सुरुवातीला सगळे चित्रपटासारखे कॉलर धरतात. मग मी घड्याळ लावतो. अटकेचं कारण सांगितलंत? अटकपत्रकावर वेळ टाकलीत? घरच्यांपैकी किंवा मोहल्ल्यातल्या कोणा प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही? घरी कळवलंत कोणाला? हे नियम सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात घालून दिले आणि आता संहितेतच आहेत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर, प्रवासाचा वेळ वगळून. मुळात अटक हवीच होती का, हा प्रश्न आणखी आधीचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं बजावलं आहे. आईचं काम करणारी मुलगी चांगली असेल तर ती रडत नाही, ती फक्त विचारत राहते, "कुठे नेताय? कोणत्या ठाण्यात?" आणि वर्दीतल्या मुलांना उत्तर देता देता नियम आठवतात.

जबाब घेताना एक चूक इतकी हमखास होते की मी तिच्यावर चहाची पैज लावतो. जबाब लिहून झाला की विद्यार्थी कागद पुढे सरकवतो, "इथे सही करा." पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कायदाच सांगतो. अजून एकदाही चहाचे पैसे मला द्यावे लागलेले नाहीत.

केंद्र सरकारच्या मेरा युवा भारत उपक्रमातून विद्यार्थ्यांना ठाण्यात १२० तास काढायचीही सोय झाली आहे. आमची काही मुलं जाऊन आली. थरार काही मिळाला नाही, म्हणाली. एकीनं पूर्ण दुपार मोबाइल हरवल्याच्या तक्रारी ऐकल्या. पण प्रधान आरक्षकाचं जेवण तीनदा अर्धवट राहिलेलं तिनं पाहिलं होतं, आणि त्यानंतर तिच्या अहवालातला तोरा गेला. कॉलेजला जे शिकवता येत नाही ते तिथे थोडंफार दिसतं: थकवा, गर्दी, वरून आलेला फोन. जमावासमोर पाय कसे लटपटतात हे मात्र १२० तासांतही कळणार नाही.

कॉलेज निवडताना काय बघावं, हे काकूंना मी थोडक्यात सांगितलं. विद्यापीठाची मान्यता बघा, प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना ते बघा, शिकवणाऱ्यांत कधी कोर्टाची किंवा प्रयोगशाळेची पायरी चढलेलं कोणी आहे का ते विचारा, आणि मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या मागून घ्या. माहितीपत्रकावरचा वर्दीतला फोटो बघू नका.

सत्राच्या शेवटी परीक्षा असते. खोली तीच, चोरी नवी. गटानं स्वतः बाहेर जाऊन दोन पंच आणायचे, कायद्यात म्हटल्याप्रमाणे त्याच परिसरातले आणि निष्पक्ष. वेळ कमी असतो, त्यामुळे मुलं शॉर्टकट मारतात. या वर्षी एका गटानं जप्तीचा कागद आधीच भरून ठेवला आणि कँटीनमध्ये पोहे लावणाऱ्या माणसापुढे धरला. कागदाचा वरचा भाग दुमडलेला. मी शेजारच्याच बाकावर होतो.

त्यानं हातातला झारा खाली ठेवला, हात पुसले, कागद उलगडला आणि म्हणाला, "भिया, पेले वो टॉवेल तो दिखाओ।"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी प्लेटमध्ये बघत राहिलो. मग ती त्याला खोलीकडे घेऊन गेली आणि कँटीनची रांग सतरा मिनिटं खोळंबली. परत आल्यावर त्यानं गल्ल्याशेजारचं पेन घेतलं, सही केली आणि सहीखाली वेळ टाकली. वेळ टाका असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.